जुन्या कन्सोलचा स्क्रू घसरतोय, जागच्या जागी फिरतोय, निघतच नाही: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

बहुतेकांची अडचण एकाच ठिकाणी येते. निन्टेन्डो ६४ किंवा सुपर निन्टेन्डोसारखा जुना व्हिडिओ गेम कन्सोल उलटा करून टेबलावर ठेवलाय, खास मागवलेलं गेमबिट, म्हणजे या यंत्रांच्या वेगळ्या स्क्रूंसाठीचं पेचकसाचं टोक, हातात आहे, पाच स्क्रू सुटलेत आणि सहाव्यावर बिट नुसतं गरगर फिरतंय. स्क्रू खराब झाला असं वाटून हात ड्रिलकडे जातो. जरा थांबा. मी हा प्रकार जितक्या वेळा सोडवलाय, त्यात बहुतेकदा स्क्रू शाबूत निघाला. दोष एक तर बिटच्या तोंडाशी होता, नाही तर भोकाच्या तळाशी. स्क्रू तर नवा मिळतो, पण तो ज्यात बसतो तो कवचाचा प्लॅस्टिकचा खांब मिळत नाही. म्हणून खाली जे लिहिलंय ते सगळं त्या खांबाला जपून लिहिलंय.

कुठल्या यंत्राला कुठलं बिट

हे आधी पक्कं करा, कारण निम्मे घोळ इथेच होतात. गेमबिटचे दोन आकार आहेत, ३.८ मिलिमीटर आणि ४.५ मिलिमीटर. ढोबळ हिशेब असा की कॅसेटला लहान आणि कन्सोलला मोठं. सुपर निन्टेन्डो, निन्टेन्डो ६४, गेमक्यूब, व्हर्च्युअल बॉय या सगळ्यांच्या कवचाला ४.५ लागतं. त्यांच्यापैकी ज्यांना कॅसेट आहे त्या कॅसेटना, गेम बॉयच्या कॅसेटना आणि सेगाच्या कॅसेटनाही ३.८. लहान स्क्रूवर मोठं बिट बसतं, थोडं फिरतंही, आणि त्या थोड्याशा फिरण्यातच स्क्रूच्या कडा गोल होतात. 'जवळपास बसतंय' असं वाटलं की तिथेच थांबा आणि आकार तपासा.

एनईएसचा, म्हणजे सुपर निन्टेन्डोच्या आधीच्या निन्टेन्डोचा, पुढून कॅसेट आत सरकवायचा कन्सोल साध्या फुलीच्या स्क्रूंनी बंद केलेला आहे, त्याला गेमबिट लागत नाही. त्याच्या कॅसेटमध्ये मात्र फरक आहे. सुरुवातीच्या कॅसेटना एका खाचेचे साधे पाच स्क्रू असत, नंतरच्या कॅसेटना ३.८ चे तीन आणि वरच्या बाजूला प्लॅस्टिकच्या दोन कड्या. तिन्ही स्क्रू काढूनही ही कॅसेट उघडत नाही, मग लोक मधे पेचकस घालून उचकटतात आणि कडी तुटते. खालची बाजू थोडी फाकवायची आणि मग वरची कडी सोडवायची, कॅसेट आपोआप सुटी होते. गेम बॉयच्या कॅसेटचंही तसंच. तिचा एकुलता एक स्क्रू काढल्यावर पुढचा भाग आधी किंचित खाली सरकवावा लागतो, मगच तो वर उचलला जातो.

गेम बॉय कलर, गेम बॉय अॅडव्हान्स आणि डीएस यांच्या पाठीवर तीन खाचांचा स्क्रू असतो, इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसणारा. पहिल्या एक्सबॉक्सला टॉर्क्स, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचा, टी२०, आणि आत डिस्क ड्राइव्ह वगैरे सोडवताना टी१०. एक्सबॉक्स ३६० च्या कंट्रोलरला मधे टाचणीसारखा दांडा असलेला टी८, म्हणजे त्याला टोकाला भोक असलेलंच बिट लागतं. तीन खाचांच्या आणि टॉर्क्सच्या स्क्रूंचा त्रास कमी असतो. खरा छळ गेमबिटच्या स्क्रूंचा, त्यामुळे आधी तेच घेतो.

बिट गरगर फिरतंय, स्क्रू हलत नाही

गेमबिटची रचना नीट समजली की उपाय आपोआप सुचतो. साध्या स्क्रूच्या डोक्यात खाच असते आणि पेचकस त्यात शिरतो. इथे उलटं आहे. स्क्रूचं डोकं हे वर आलेलं छोटं बुटकं बोंड आहे, त्याच्या कडेला सहा उंचवटे आहेत, आणि बिट ही त्याच्यावर टोपीसारखी बसणारी पोकळ नळी आहे. टोपी पूर्ण खाली बसली नाही तर ती फक्त बोंडाचा वरचा काठ पकडते. सगळा जोर त्या काठावर येतो आणि उंचवटे घासले जातात.

टोपी पूर्ण का बसत नाही, याची मला तीन कारणं वारंवार दिसली आहेत.

एक, भोकात साचलेला मळ. वीस-तीस वर्षांची धूळ, केस, सतरंजीचे धागे, कधी काळी सांडलेल्या सरबताचा चिकटा, हे सगळं बोंडाच्या भोवती घट्ट बसतं. टॉर्च मारून बघा, मग लाकडी टूथपिकने गोल फिरवत खरवडा, कन्सोल उलटा धरून झटका, शेवटी इथाइल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा फिरवा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि कित्येकदा एवढ्यावरच अडलेला स्क्रू सुटतो.

दोन, बिटची भिंत किंवा धारक जाड असणं. गेमक्यूबच्या तळाला चार कोपऱ्यांत चार खोल विहिरी आहेत, व्हर्च्युअल बॉयलाही तसंच. आखूड बिट चुंबकी धारकात लावून आत घातलं की धारकाचा जाडजूड भाग विहिरीच्या तोंडाशीच अडतो. आपल्याला वाटतं बिट तळाला टेकलं, प्रत्यक्षात ते डोक्याच्या वर अधांतरी असतं. या दोन यंत्रांसाठी बारीक दांड्याचं, लांब, अखंड गेमबिटच घ्या. भोकाची खोली काडीने मोजून बिटच्या दांड्याशी ताडून बघितली की शंका राहत नाही.

तिसरं कारण फार कमी लोक तपासतात. स्वस्त गेमबिटचं तोंड आतून उतरतं केलेलं असतं, नरसाळ्याच्या तोंडासारखं, म्हणजे नळी स्क्रूवर सहज सरकावी. बोंड मुळात बुटकं, आणि त्यावर हा उतार. त्यामुळे नळीच्या तोंडाचा तेवढा भाग काहीच पकडत नाही. बिट उजेडात धरून तोंडात बघा. काठाला चकचकीत तिरपी कड दिसली तर बारीक कानस सपाट ठेवून बिटचं तोंड तिच्यावर उभं घासा, कड जाईपर्यंत. तोंड काटकोनात सपाट झालं पाहिजे. आतला लोखंडाचा कीस नीट काढून टाका.

माझ्याकडे एक निन्टेन्डो ६४ आला होता. बराच काळ ओलसर जागी पडून होता आणि मागच्या कोपऱ्यातला एक स्क्रू कुणीतरी आधीच छेडलेला होता. बोंडावर तपकिरी गंज, सहापैकी दोन उंचवटे जवळजवळ गायब. नवं बिट लावलं तरी घसरत होतं. मग बिटचं तोंड घासून सपाट केलं, टूथपिकने बोंडाभोवतीचा गंज खरवडला. बिट पुन्हा बसवलं तेव्हा ते आधीपेक्षा जाणवण्याइतकं खाली उतरलं, आणि खाली टेकताना 'टक्' असा बारीक आवाज आला. तो आवाज मी आता प्रत्येक वेळी शोधतो. मऊ 'भप्प' असं टेकलं तर खाली मळ आहे. धातूवर धातू टेकल्याचा स्वच्छ आवाज आला तर बिट बसलंय.

फिरवताना दाब जास्त आणि पीळ कमी. कन्सोल मऊ कापडावर, टेबलाच्या कडेपासून आत ठेवा आणि उभं राहून वरून सरळ रेषेत अंगाचा भार द्या. बसून, कोपर टेबलाला टेकवून फिरवलं की हात नकळत तिरपा होतो. आणि सोडवायच्या आधी स्क्रू अगदी किंचित घट्ट दिशेला, म्हणजे उजवीकडे ढकला. केसभर हलला तरी पुरे. जुना गंज किंवा चिकटा तिथे तुटतो आणि मग डावीकडे फिरवताना जोर कमी लागतो. विजेवर चालणारा स्क्रूड्रायव्हर या कामात वापरू नका. मी एकदा सुपर निन्टेन्डोवर वापरला होता, उघडताना सगळं सुरळीत झालं, बंद करताना त्याने खांबाचे आटे उडवले. त्या कन्सोलचा तो कोपरा नंतर मला नव्याने बांधावा लागला.

तरीही नाही सुटला तर उष्णता

तेल मारायचा मोह होतो. गंज सोडवणारी तेलं प्लॅस्टिकला चांगली नाहीत. कवचाचं जुनं एबीएस जातीचं प्लॅस्टिक आधीच ठिसूळ झालेलं असतं, त्यात स्क्रूभोवती ताण असतो, तिथे तेल झिरपलं की बारीक तडे जाऊ शकतात. शिवाय तेल लागलेल्या बोंडावर बिट आणखी घसरतं.

त्याऐवजी सोल्डरिंग आयर्न घ्या, त्याला जुनं, टाकाऊ टोक लावा. आयर्न तापल्यावर टोक स्क्रूच्या डोक्याच्या बरोब्बर मधे उभं टेकवा, विहिरीच्या भिंतीला लागू न देता, आणि आठ-दहा सेकंद धरा. उष्णता स्क्रूच्या अंगातून खाली आट्यांपर्यंत जाते आणि प्लॅस्टिकची पकड सैल होते. एबीएस साधारण १०५ अंश सेल्सियसच्या आसपास मऊ व्हायला लागतं, म्हणून इथे लोभ करू नका. प्लॅस्टिकचा वास आला तर जास्त झालं. आयर्न काढा, अर्धा मिनिट थांबा, म्हणजे आटे पुन्हा कडक होतील, आणि मग बिट बसवून आधी किंचित उजवीकडे, नंतर डावीकडे. त्या निन्टेन्डो ६४ चा स्क्रू दुसऱ्या शेकानंतर सुटला. करकरत निघाला, आट्यांना चिकटलेली तपकिरी भुकटी बाहेर घेऊन.

उंचवटे जरासेच झिजले असतील तर अजून एक करून बघता येतं. स्क्रू आणि बिट यांच्यामधे पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा ठेवायचा आणि त्यावरून बिट दाबायचं. पोकळी भरली की पकड येते. घट्ट बसलेल्या स्क्रूला हा उपाय पुरत नाही, पण शेक दिल्यानंतर कधी कधी एवढीच मदत लागते.

प्लॅस्टिकच्या पेनाची नळी तापवून स्क्रूवर दाबायची, थंड झाली की तीच बिट म्हणून वापरायची, ही युक्ती सगळीकडे सांगितली जाते. सैल स्क्रूंवर ती चालते, मी केलेली आहे. पण घट्ट स्क्रूवर मऊ प्लॅस्टिक पीळ खातं, तुकडा बोंडाला चिकटून राहतो, आणि मग खरं बिटही बसत नाही. तो चिकटलेला तुकडा टाचणीने कोरून काढण्यात एक अख्खी संध्याकाळ जाऊ शकते. योग्य बिट येईपर्यंत थांबा.

स्क्रू फिरतोय, पण वर येत नाही

इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकसारख्या दिसतात.

पहिली, स्क्रू केव्हाच सुटलाय. गेमबिटमध्ये चुंबक नसेल तर सुटलेला स्क्रू विहिरीतच बसून राहतो आणि आपण तो फिरवतच राहतो. खूण अशी की प्रत्येक फेऱ्याला एकदा 'खट्' असा हलका झटका बोटांना जाणवतो. स्क्रूचा शेवटचा आटा खांबाच्या पहिल्या आट्यावरून खाली पडतोय, तो हा झटका. कन्सोल उचलून सरळ करा, खाली वाटी धरा, स्क्रू टपकन पडेल. चिमट्याचीही गरज नाही.

दुसरी, खांबातले आटे गेलेत किंवा खांबच बुडातून तुटून स्क्रूबरोबर फिरतोय. इथे झटका जाणवत नाही, फिरणं एकसंध, गुळगुळीत असतं. बाकीचे सगळे स्क्रू काढा. मग त्या स्क्रूच्या जवळच्या सांध्यात प्लॅस्टिकची पातळ पट्टी घालून दोन्ही कवचं हळूच फाकवा, फार तर मिलिमीटरभर. तेवढ्या ताणाने स्क्रूचे आटे खांबातल्या उरलेल्या आट्यांवर दाबले जातात आणि स्क्रू वर चढायला लागतो. हे काम दोघांनी करावं, एकाने ताण धरायचा आणि दुसऱ्याने फिरवायचं. ताण देताना पट्टी धातूची नको, पिवळसर पडलेल्या सुपर निन्टेन्डोची कड तर नखाएवढ्या जोरानेही उडते.

खांब आतून तुटलाय असं फटीतून दिसलं तर कवच तसंच उचला. तो खांब वरच्या कवचापासून सुटून खालच्या कवचाला लटकलेला निघेल आणि मग त्याला बाहेरून पक्कड लावून स्क्रू काढता येतो. नाही तरी तो चिकटवायचाच आहे.

उंचवटे पूर्ण गेलेत

आता ड्रिल, पण हाताशी दुसरं काहीच उरलं नसेल तरच. आधी विहिरीच्या मापाची छोटी नळी शोधा, पितळेची किंवा कडक प्लॅस्टिकची, ड्रिलचं पातं तिच्यातून जाईल अशी. ही नळी विहिरीत घातली की पातं डोक्याच्या मधोमध राहतं, भिंत कापत नाही. सुरुवात २ मिलिमीटरच्या पात्याने, मग ३ ने. वेग कमी. पात्याला थोडं ग्रीस लावा, लोखंडाचा कीस त्याला चिकटतो. डावीकडे फिरणारं ड्रिल पातं मिळालं तर उत्तमच, कारण कित्येकदा डोकं कापून व्हायच्या आधी स्क्रू त्याच्याबरोबर सुटून येतो.

डोकं निसटलं की थांबा, खोल जाऊ नका. कवच वर उचललं की स्क्रूचा दांडा खांबातून बाहेर डोकावतो, त्याला पक्कडीने धरून डावीकडे फिरवा. डोक्याखालचा ताण गेल्यामुळे हा दांडा बहुतेकदा सहज निघतो. कीस मात्र अक्षरशः टिपून काढा. बोर्डावर राहिलेला एक कणसुद्धा चिपच्या दोन पायांच्या मधे पूल बांधून शॉर्ट करू शकतो. कन्सोल चालू करण्याआधी ब्रश, मग चिकटपट्टी, मग पुन्हा टॉर्च.

एक सावधगिरी इथेच सांगतो. सुपर निन्टेन्डो आणि गेमक्यूब यांचा पॉवर सप्लाय बाहेर असतो, निन्टेन्डो ६४ चा पाठीत खोचायचा सुटा ठोकळा असतो, तो काढून ठेवा. पण पहिला प्लेस्टेशन, सेगा सॅटर्न, ड्रीमकास्ट, पहिला एक्सबॉक्स यांच्यात विजेचा सप्लाय कवचाच्या आतच आहे. प्लग काढल्यावरही त्यातला वीज साठवणारा मोठा कॅपॅसिटर काही काळ भारलेला राहतो. ही यंत्रं उघडताना आधी प्लग काढून बराच वेळ ठेवा आणि सप्लायच्या बोर्डाला हात लावू नका.

तीन खाचांचे आणि फुलीचे

तीन खाचांच्या स्क्रूचं डोकं लहान आणि धातू मऊ असतो, तेव्हा पहिल्याच प्रयत्नाला बिट योग्य हवं. खाचा मध्यावर नीट एकमेकींना मिळतात अशा आकाराचंच बिट घ्या. बिट नसेल आणि अगदीच अडलं असेल तर २ मिलिमीटरच्या आतला चपटा पेचकस एका खाचेत बसवून स्क्रू काढता येतो, पण तोच स्क्रू परत लावताना पुन्हा तसं करू नका, नवा लावा. गेम बॉय अॅडव्हान्स उघडत नसेल तर बॅटरीच्या खोबणीत बघा, तिथे एक साधा फुलीचा स्क्रू आहे. बाकीचे सहा काढून लोक कवच ओढत बसतात आणि तो तसाच राहिलेला असतो.

फुलीच्या स्क्रूबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. जपानी बनावटीच्या यंत्रांतली फुली जपानी मापाची, म्हणजे जेआयएस असते. नेहमीचा फिलिप्स पेचकस त्यात तळापर्यंत पोचत नाही आणि जोर दिला की वर उचलला जाऊन खाच कुरतडतो. डोक्यावर छोटा ठिपका कोरलेला दिसला तर तो स्क्रू जेआयएस समजा. फॅमिकॉम (एनईएसचं जपानी रूप), प्लेस्टेशन, सॅटर्न ज्यांना वारंवार उघडायचे आहेत त्यांनी जेआयएसचा पेचकस घ्यावाच. तो फिलिप्स स्क्रूवरही चांगला चालतो. कुरतडलेल्या फुलीवर रुंद रबर बँड ठेवून पेचकस दाबला तर एकदा तरी पकड मिळते.

आणि सगळे दिसणारे स्क्रू निघूनही कवच हलत नसेल, तर न दिसणारे शोधा. पहिल्या एक्सबॉक्सचे चार टी२० रबरी पायांखाली आहेत आणि दोन स्टिकरांखाली. एक्सबॉक्स ३६० च्या कंट्रोलरचा सातवा स्क्रू बॅटरीच्या जागेतल्या स्टिकरखाली. स्टिकरवरून बोट दाबत फिरवा, खाली भोक असेल तिथे कागद आत दबतो.

खांब दुरुस्त करून परत बंद करताना

आटे गेले असतील पण खांब उभा असेल तर भोकात सुपर ग्लूचा पातळ थर द्या, पूर्ण सुकू द्या, शक्यतो रात्रभर, आणि मगच स्क्रू हळू फिरवून नवे आटे पाडा. ओला असताना स्क्रू घातला तर तो कायमचा. सुकताना याची वाफ आजूबाजूच्या प्लॅस्टिकवर पांढरट डाग पाडते, म्हणून कवच उघडं आणि हवेशीर ठेवा. खांबाला उभी चीर गेली असेल तर चिरेत इपॉक्सी भरून बाहेरून शिवणाच्या दोऱ्याचे घट्ट वेढे द्या आणि वेढ्यांवरही इपॉक्सी लावा. नुसतं चिकटवलेलं पहिल्याच घट्ट करण्याला उघडतं, दोरा ते धरून ठेवतो.

खराब झालेल्या गेमबिट स्क्रूच्या जागी त्याच जाडीचा आणि लांबीचा, प्लॅस्टिकमध्ये बसणारा फुलीचा स्क्रू लावायला हरकत नाही. जुना मोजूनच घ्या. लांब स्क्रू वरच्या कवचाच्या तळाला ढकलतो आणि बाहेरून पांढरा ठिपका उमटतो. धातूच्या नटात बसणारे बारीक आट्यांचे स्क्रू इथे चालत नाहीत, ते प्लॅस्टिक खातात.

लावताना प्रत्येक स्क्रू आधी हाताने उलटा, डावीकडे फिरवा. एका जागी तोच 'खट्' जाणवेल आणि स्क्रू थोडा खाली बसेल. तिथून उजवीकडे वळा. स्क्रू जुन्याच आट्यांत जातो, नवे कापत नाही. सहाही स्क्रू असे अर्धवट बसवून घ्या, मग समोरासमोरचे आळीपाळीने घट्ट करा, आणि स्क्रूचं डोकं टेकून हाताला पहिला विरोध जाणवला की तिथेच सोडा.